'हू' कोणाचा, 'विच' कोणाचे? : इंग्रजीतील विशेषणवाक्य कोणत्या नामाला लागते याविषयी



स्मरणिकेसाठी काही अभ्यासाचे लिहून द्या असे कार्यकर्त्यांनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाही म्हटले. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेतली, बँकेत कारकून म्हणून लागलो, आणि तेव्हापासून इंग्रजी परिपत्रके, नियमावल्या आणि अर्जांचे नमुने वाचणे हाच पोटाचा उद्योग झाला. परंतु इंग्रजी व्याकरणात एक जागा अशी आहे की तिथे मी स्वतः घसरलो आणि माझ्यामुळे एका मुलाचे नुकसान झाले. तेवढ्या एका जागेविषयी लिहितो.

एका सकाळी ऐन गर्दीत बारावीतला एक मुलगा काउंटरवर आला. हातात शिष्यवृत्तीच्या अर्जाचा कागद. मुलगा आईसोबत मामाच्या गावी, गडचिरोली जिल्ह्यात राहणारा. वडील एकटे नोकरीसाठी बल्लारपूरला. शिष्यवृत्ती चंद्रपूर जिल्ह्यापुरती होती. तो म्हणाला, "जयभीम काका, एवढी एक ओळ समजावून सांगता का?" ओळ अशी होती : 'द इन्कम सर्टिफिकेट शुड बी ऑफ द पेरेंट ऑफ द स्टुडंट हू इज अ परमनंट रेसिडेंट ऑफ धिस डिस्ट्रिक्ट.' मी एकदाच वाचली आणि सांगून टाकले, "'हू'च्या अगदी जवळ 'स्टुडंट' आहे. म्हणजे विद्यार्थी या जिल्ह्याचा रहिवासी पाहिजे. तू गडचिरोलीचा. बाबू, हे तुझ्यासाठी नाही." मुलगा कागद घडी करून निघून गेला. पुढच्या आठवड्यात त्याच शिष्यवृत्तीची मराठी सूचना माझ्या पाहण्यात आली. तिच्यात स्वच्छ लिहिले होते की आई-वडिलांपैकी जो पालक या जिल्ह्याचा कायम रहिवासी असेल त्याच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा. रहिवासाची अट पालकाला होती. त्या मुलाचे वडील त्या अटीत बसत होते. पण मुदत तीन दिवसांपूर्वीच संपली होती. ज्यांनी ते वाक्य लिहिले त्यांचा दोष आहेच. परंतु मी अडखळलो असतो, 'थांब, याचे दोन अर्थ होतात, कार्यालयात जाऊन विचार' एवढे म्हटले असते, तरी त्या वर्षीची त्याची रक्कम गेली नसती.

शाळेत आपण शिकतो की प्रधान वाक्याला जोडून येणारे आणि एखाद्या नामाविषयी अधिक माहिती देणारे गौणवाक्य म्हणजे विशेषणवाक्य. इंग्रजीत ते बहुधा 'हू', 'विच', 'दॅट', 'हूज' अशा संबंधी सर्वनामाने सुरू होते. ज्या नामाबद्दल ते बोलते त्याला इंग्रजी व्याकरणात ॲन्टिसीडन्ट म्हणतात. मी या लेखात त्याला 'मूळ नाम' म्हणेन. व्याख्या पाठ असते, वाक्यपृथक्करणात गुणही मिळतात. प्रश्न उभा राहतो तो विशेषणवाक्याच्या आधी दोन-तीन नामे रांगेत बसलेली असतात तेव्हा. त्यांतले मूळ नाम कोणते?

मराठी माणसाला ही अडचण आधी जाणवतच नाही, आणि म्हणूनच तो फसतो. आपल्या भाषेत 'जो'ला लिंग आहे, वचन आहे, विभक्ती आहे : जो, जी, जे, ज्या, ज्याने, जिला, ज्यांचे. शिवाय 'जो' आला की 'तो' येतोच, आणि पुष्कळदा नामच पुन्हा उच्चारले जाते. 'ज्या वनरक्षकाची बदली आलापल्लीला झाली त्या वनरक्षकाची बायको' असे म्हटले की बदली कोणाची याबद्दल शंका उरत नाही. बदली बायकोची असेल तर आपण 'वनरक्षकाची बायको, जिची बदली आलापल्लीला झाली' असे म्हणू. 'जिची' या एका शब्दाने निकाल लागतो. आता हेच इंग्रजीत पाहा : 'द वाइफ ऑफ द फॉरेस्ट गार्ड हू वॉज ट्रान्स्फर्ड टु आलापल्ली.' इथे 'हू'ला लिंग नाही, वचन नाही. तो बायकोलाही चालतो, वनरक्षकालाही चालतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हापासून आपली पाठ्यपुस्तके बऱ्याच अंगांनी इंग्रजी व्याकरणाच्या साच्यावर चालत आली, त्यामुळे दोन्ही भाषांत ही गोष्ट सारखीच असणार असा आपला समज होतो. ती सारखी नाही.

मग करायचे काय? पहिली युक्ती मी 'रिकामी जागा भरा' म्हणून सांगतो, कारण तो प्रश्न आपण सगळ्यांनी लहानपणापासून सोडवला आहे. विशेषणवाक्य वेगळे काढा. 'हू' किंवा 'विच' पुसून तिथे रिकामी जागा ठेवा. मग आधीची नामे एकेक करून त्या जागेत बसवा आणि पूर्ण वाक्य वाचून पाहा. बँकेतले उदाहरण घेतो. 'द गॅरंटर ऑफ द बॉरोअर हू टुक द लोन.' रिकामी जागा : '— टुक द लोन.' कर्ज कोणी घेतले? बॉरोअरने, म्हणजे कर्जदाराने. जामीनदार कर्ज घेत नाही. म्हणून मूळ नाम 'बॉरोअर'. आता 'द गॅरंटर ऑफ द बॉरोअर हू साइन्ड द गॅरंटी'. रिकाम्या जागेत 'बॉरोअर' घालून पाहा, बसत नाही. हमीपत्रावर जामीनदार म्हणून सही जामीनदाराची. म्हणजे या वेळी मूळ नाम 'गॅरंटर', आणि ते लांबचे आहे. दोन्ही वाक्यांत 'हू'च्या आधीचे शब्द तेच, क्रम तोच. निकाल मागच्या शब्दांनी लागला.

या रिकाम्या जागेचा आणखी एक उपयोग आहे. 'दॅट' दिसला की ते विशेषणवाक्यच असे धरू नका. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' यात 'ब्रॉट'ला कर्म हवे आहे, जागा रिकामी आहे, तिथे 'न्यूज' बसते, हे विशेषणवाक्य. परंतु 'द न्यूज दॅट ही फेल्ड' यात काहीच रिकामे नाही. 'ही फेल्ड' हे पुरते वाक्य आहे. बातमी कोणती, तर तो नापास झाल्याची. इथे 'दॅट' म्हणजे आपला 'की'. बी.ए.ला असताना हा फरक मला कोणी सांगितला नव्हता, आणि दोन वर्षे मी दोन्ही वाक्ये एकाच खाली मांडत होतो.

दुसरी खूण सर्वनामातच असते. 'हू' माणसाला, 'विच' वस्तूला, जागेला, प्राण्याला. चंद्रपूरच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आपल्या शहरातच सापडेल. अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली राजा बिरशाहची समाधी राणी हिराईने बांधली हे आपण ऐकत आलो आहोत. आता 'द टूम ऑफ द किंग विच स्टँड्स नियर द टेम्पल' : इथे 'विच' आहे, राजा माणूस आहे, म्हणून मूळ नाम 'टूम'. आणि 'द टूम ऑफ द किंग हू रूल्ड फ्रॉम चांदा' : इथे 'हू' आहे, समाधी राज्य करीत नाही, म्हणून 'किंग'. एका अक्षरी शब्दाने काम झाले. पण आता हे वाक्य पाहा : 'हिराई वॉज द विडो ऑफ द किंग हू बिल्ट द टूम.' विधवा माणूस, राजाही माणूस. 'हू' दोघांनाही चालतो. रिकाम्या जागेत दोन्ही नामे बसतात, राजेही समाध्या बांधतात. व्याकरण इथे हात टेकते. आपल्याला इतिहास माहीत आहे म्हणून आपण 'विडो' म्हणतो; पुण्या-मुंबईचा परीक्षक कदाचित 'किंग' म्हणेल आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्याला चूक म्हणता येणार नाही. असे वाक्य आपण लिहायचे नाही, एवढेच. 'हिराई, हू बिल्ट द टूम, वॉज द विडो ऑफ द किंग' असे लिहिले की वाद मिटतो.

तिसरी खूण वचनाची, आणि परीक्षेत ती फार उपयोगी पडते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. समजा वाक्य आहे, 'द लिस्ट ऑफ द व्हिलेजेस विच वेअर इन्क्लुडेड इन द न्यू डिस्ट्रिक्ट.' 'वेअर' अनेकवचनी, यादी एक, गावे अनेक. म्हणून मूळ नाम 'व्हिलेजेस'. 'द लिस्ट ऑफ द व्हिलेजेस विच वॉज पब्लिश्ड' असे असेल तर 'लिस्ट'. मात्र ही खूण नेहमी हाताशी नसते. 'विच रिमेन्ड', 'विच विल बी शोन', 'विच केम' अशा क्रियापदांत एकवचन-अनेकवचन दिसतच नाही. तेव्हा पुन्हा रिकाम्या जागेकडे या.

याच खुणेवर 'वन ऑफ द' चा प्रसिद्ध प्रश्न आधारलेला आहे. 'शी इज वन ऑफ द गर्ल्स हू — पास्ड.' 'हॅज' की 'हॅव'? बहुतेक विद्यार्थी 'शी' बघतात, 'वन' बघतात आणि 'हॅज' लिहून मोकळे होतात. मराठीत उलटवून पाहा : ज्या मुली पास झाल्या त्यांपैकी ती एक. पास कोण झाल्या? मुली. म्हणून मूळ नाम 'गर्ल्स' आणि क्रियापद 'हॅव'. पण 'द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू' आले की पारडे फिरते. मुली अनेक, पास ती एकटीच. मूळ नाम 'वन', क्रियापद 'हॅज'. 'ओन्ली' हा एक शब्द मध्ये आला आणि 'हू' उडी मारून पलीकडे गेला. बोलण्यात इंग्रज लोकही पहिल्या वाक्यात 'हॅज' म्हणून जातात, परंतु परीक्षेत तो आधार घेऊ नये.

आता जवळच्या नामाचा नियम. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आपल्याकडे घरोघरी आहे. त्यात सांगितले आहे की संबंधी सर्वनाम मूळ नामाच्या शक्य तितके जवळ ठेवावे. हा लिहिणाऱ्याला केलेला उपदेश आहे. आपण त्याचा वाचण्याचा नियम करून टाकतो आणि समोरच्याने तो उपदेश पाळलाच असेल असे गृहीत धरतो. माझी चूक नेमकी हीच होती. 'अ मॅन केम टु द काउंटर हू वॉन्टेड अ ड्राफ्ट' असे इंग्रजीत सर्रास लिहितात. ड्राफ्ट काउंटरला नको असतो. 'द बंगलो ऑफ द ऑफिसर नियर द लेक विच ड्राइज इन समर' यात 'विच'मुळे अधिकारी बाद झाला, अर्थामुळे बंगला बाद झाला, उरला तलाव. तेच वाक्य 'विच वॉज पेन्टेड लास्ट इयर' असे संपवा. आता तलाव बाद होतो आणि आपण थेट पहिल्या नामापर्यंत मागे जातो.

जवळचे नाम पकडण्याची सवय सगळ्या भाषांत सारखी नाही, हेही सांगण्यासारखे आहे. क्वेटॉस आणि मिचेल या दोन संशोधकांनी १९८८ मध्ये याच प्रकारची दोन अर्थांची वाक्ये इंग्रजी आणि स्पॅनिश वाचकांना देऊन पाहिली. इंग्रजी वाचकांचा कल जवळच्या नामाकडे होता, स्पॅनिश वाचकांचा लांबच्या नामाकडे. म्हणजे तो कल आहे, कायदा नाही.

कायद्यावरून आठवले. आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे विशेषणवाक्य १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात आहे. त्याचा तिसरा परिच्छेद विद्यार्थ्यांनी इंग्रजीत एकदा तरी वाचावा. त्याचा आशय असा : जी व्यक्ती हिंदू, शीख किंवा बौद्ध धर्माहून वेगळा धर्म मानते ती अनुसूचित जातीची आहे असे मानले जाणार नाही. इंग्रजी रचना मात्र वेगळी आहे. आधी 'नो पर्सन'. लगेच 'हू'पासून विशेषणवाक्य सुरू. त्यात 'रिलिजन' हे नाम, त्या नामाला चिकटलेले 'डिफरंट' हे विशेषण, आणि हे सगळे संपल्यावर मुख्य क्रियापद 'शॅल बी डीम्ड'. नवशिक्या वाचकाची फसगत शेवटी होते. क्रियापदाच्या अगदी अलीकडे 'रिलिजन' उभे असते, म्हणून त्याला वाटते की मानले जाणार नाही तो धर्म. नाही. विशेषणवाक्य संपले की दोरी पुन्हा 'पर्सन'कडे जाते. मधल्या वाक्यावर बोट ठेवून ते झाकून वाचून पाहा : 'नो पर्सन शॅल बी डीम्ड…' कर्ता सापडला. पण झाकलेलेच ठेवले तर अर्थ होईल की कोणीच अनुसूचित जातीचा नाही, आणि तो उघडच चुकीचा. म्हणजे हे विशेषणवाक्य काढून टाकता येत नाही. कोणती व्यक्ती ते तेच ठरवते. म्हणूनच त्याच्या आधी स्वल्पविराम नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपूरला बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा झाली. त्या विशेषणवाक्यात त्याच वर्षी शीख धर्माचा समावेश झाला. बौद्ध हा शब्द मात्र १९९० मध्ये आला. मधली चौतीस वर्षे दीक्षा घेतलेली माणसे केंद्राच्या त्या यादीच्या दृष्टीने 'हू'च्या आतल्या अटीत अडकून पडली. १९९० च्या दुरुस्तीने मुख्य वाक्याला हात लावला नाही. 'नो पर्सन' तसेच, 'शॅल बी डीम्ड' तसेच. 'डिफरंट'नंतरच्या धर्मांच्या नावांत फक्त एका नावाची भर पडली, आणि ज्या व्यक्तीला ते विशेषणवाक्य बाहेर काढत होते तिला त्याने सोडून दिले. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ही दुरुस्ती वर्तमानपत्रात वाचली, तिच्यासाठी झालेले मोर्चे पाहिले, पण ती वाक्यात नेमकी कुठे बसली हे पाहिले नव्हते. मीही फार उशिरा पाहिले.

आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी बांधवांच्या बाबतीत असेच एक वाक्य राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ मध्ये आहे. राष्ट्रपतींनी जमाती, किंवा आदिवासी समाज, किंवा त्यांचे भाग, किंवा त्यांच्यातले गट अधिसूचनेने निर्दिष्ट करायचे, आणि मग 'विच'ने सुरू होणारे विशेषणवाक्य येते : जे या संविधानाच्या प्रयोजनासाठी अनुसूचित जमाती मानले जातील. हे 'विच' कोणाचे? सर्वांत जवळचे नाम घ्याल तर अर्थ बिघडतो. ते रांगेतल्या सगळ्या नामांना एकदम लागते. जमात सबंध यादीत येऊ शकते, तिचा एखादा भागही येऊ शकतो. मूळ नाम एकच असले पाहिजे असा नियम कुठेही नाही. (नामांच्या रांगेवरून कोर्टापर्यंत जावे लागते याचा अनुभव माना समाजाला आहे. राज्याच्या यादीत 'गोंड'ने सुरू होणाऱ्या लांबलचक नोंदीत त्यांचे नाव आहे, आणि ते गोंडांची पोटजमात की स्वतंत्र जमात, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००६ मध्ये न्यायालयाने ती स्वतंत्र जमात असल्याचे मान्य केले. तिथे 'विच' नव्हते, स्वल्पविराम होते. पण दुखणे जातीचे तेच.)

याच्या उलट निकाल अमेरिकेत लागला, तो तुलनेसाठी सांगतो. तिथे काम करण्यास असमर्थ झालेल्यांना सरकारी भत्ता मिळतो. कायद्याची अट साधारण अशी, की माणूस आपले पूर्वीचे काम करू शकत नसला पाहिजे, आणि देशात अस्तित्वात असलेले दुसरे कोणतेही कमाईचे कामही करू शकत नसला पाहिजे. 'अस्तित्वात असलेले' हे इंग्रजीत 'विच एक्झिस्ट्स' असे विशेषणवाक्य आहे आणि ते 'दुसरे काम' या नामाच्या मागे येते. एक बाई लिफ्ट चालवण्याचे काम करीत असे. ते काम बंद पडले, आणि तशी कामे आता देशात फारशी उरलीच नाहीत असे तिचे म्हणणे. पूर्वीचे काम मी करू शकेन, पण ते काम अस्तित्वातच नाही, तेव्हा 'विच एक्झिस्ट्स' ही अट त्यालाही लावा, असा तिचा दावा होता. खालच्या अपील न्यायालयाने तो मानला. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फिरवला आणि विशेषणवाक्य फक्त जवळच्या नामालाच लागते असे म्हटले. बाई हरली.

मग अनुच्छेद ३४२ मध्ये सगळ्या नामांना आणि इथे एकालाच, असे का? मला जे समजले ते सांगतो. घटनेतली नामे एकाच क्रियापदाची, 'निर्दिष्ट करणे'ची, कर्मे आहेत. ती 'किंवा'ने जोडलेली, सलग एका माळेत आहेत, आणि विशेषणवाक्याशिवाय त्यांतल्या एकालाही पुरता अर्थ नाही. अमेरिकन कायद्यात मात्र 'पूर्वीचे काम' एका क्रियापदाखाली आहे, 'दुसरे काम' वेगळ्या क्रियापदाखाली. शिवाय 'त्याचे पूर्वीचे काम' म्हटले की ते कोणते हे ठरलेलेच असते. 'दुसरे कोणतेही काम' मोघम आहे, त्यालाच अटीची गरज. म्हणून नामांची रांग दिसली की आधी विचारा : ही सगळी एका क्रियापदाच्या घरातली आहेत काय? आणि यांतल्या कोणाची ओळख अजून अपुरी आहे?

हा दुसरा प्रश्न माझ्या त्या मुलाच्या कागदाला लावून पाहा. 'द पेरेंट ऑफ द स्टुडंट हू इज अ परमनंट रेसिडेंट.' विद्यार्थी एकच, अर्ज करणारा, त्याची ओळख ठरलेली. पालक मात्र दोन असतात, आई आणि वडील. दाखला कोणाचा जोडायचा? ज्याची ओळख अपुरी आहे त्याला विशेषणवाक्याची गरज आहे, म्हणजे 'पेरेंट'ला. वाक्य मोघम होते हे खरे, पण त्याच्यात खूण होती. मी शांतपणे वाचले असते तर ती दिसली असती. ते वाक्य लिहिणाऱ्याने 'ऑफ' टाळून 'द स्टुडंट्स पेरेंट हू इज…' असे लिहिले असते तरी काम झाले असते. षष्ठीचा 'एस' लागलेले नाम सहसा मूळ नाम होत नाही. किंवा 'द'च्या जागी 'दॅट' घालून 'दॅट पेरेंट ऑफ द स्टुडंट हू…' असे लिहायचे. 'दॅट… हू' ही जोडी म्हणजे जवळजवळ आपला 'तो… जो'.

स्वल्पविरामाविषयी थोडक्यात. 'माय ब्रदर हू वर्क्स इन द पेपर मिल' म्हणजे भाऊ एकाहून अधिक, त्यांतला पेपर मिलमधला. दोन्हीकडे स्वल्पविराम दिले तर भाऊ एकच आणि नोकरी ही जास्तीची माहिती. बँकेत वारसाचे नाव लिहिताना एवढ्यावरून घोळ झालेला मी पाहिला आहे. आणि कधी कधी 'विच'ला मूळ नामच नसते. 'द सिरोंचा बस डिड नॉट कम, विच वॉज अ ग्रेट ट्रबल.' त्रास बसचा नाही, बस न येण्याचा. सबंध वाक्यच मूळ नामाच्या जागी आहे. अशा वेळी 'ट्रबल'च्या मागे एकेक नाम शोधत बसू नये. मराठीत 'आणि ही मोठीच पंचाईत' असे म्हणून मोकळे व्हावे.

सरावासाठी पाच वाक्ये देतो. प्रत्येकात विशेषणवाक्य वेगळे काढा, रिकामी जागा भरा, आणि शेवटी मराठीत 'ज्या'ने सुरुवात करून लिहा. 'ज्या' लिहिले की पुढे नाम लिहावेच लागते, टाळता येत नाही. 'द गेट्स ऑफ द फोर्ट विच आर स्टिल इन यूज.' 'द डॉटर ऑफ द टीचर हू हॅज जस्ट पास्ड द ट्वेल्फ्थ.' 'द ब्रिज ओव्हर द वैनगंगा विच फ्लोज पास्ट मार्कंडा.' 'ही इज द ओन्ली वन ऑफ द क्लार्क्स हू नोज गोंडी.' 'द क्लार्क मेट द ब्रदर ऑफ द बॉय हू हॅड लॉस्ट द फॉर्म.' पहिल्याला वचन पुरते. दुसऱ्यात 'हू' दोघांनाही चालतो, पण आताच बारावी झालेली मुलगी असणार, शिक्षक नव्हे. तिसऱ्यात पूल वाहत नाही. चौथ्यात 'ओन्ली' बघा. पाचव्याला दोन उत्तरे आहेत, दोन्ही लिहा. आणि असे वाक्य घेऊन कोणी तुमच्याकडे विचारायला आला तर त्याला दोन्ही सांगा, आणि अर्जाची मुदत कधी संपते तेही विचारा.